तुमचा खोळंबा झाला

रविवार होता. रक्त घ्यायला माणूस साडेसहा ते सातच्या मध्ये येईल असं सांगितलेलं. आई सहालाच उठली, तोंड धुतलं आणि डाव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडून पलंगावर बसली. डावाच हात, कारण उजव्या हाताची शीर लवकर सापडत नाही आणि दोनदा टोचावं लागतं, हे तिला आता अनुभवाने ठाऊक झालंय. आदल्या रात्री साडेआठला ती जेवली होती. उपाशीपोटीची साखर तपासायची तर निदान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही जाऊ द्यायचं नसतं. ते आठ तास पहाटे साडेचारलाच भरले होते.

सात वाजले, सव्वासात झाले. फोन लावला तर नुसतं संगीत. अ‍ॅपवर बाइकचं चित्र होतं, ते एकाच चौकात उभं. आठ वाजता आईने विचारलं, "बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा घेतला तर चालेल का गं?" नको म्हणताना माझ्या घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. तिची साखरेची गोळी सकाळच्या खाण्याबरोबरची, म्हणजे तीही लांबलेली. साडेआठला ती आडवी झाली तेव्हा मी तिच्या कपाळावर हात ठेवून घाम आलाय का ते बघितलं. साखर उतरायला लागली की आधी घाम येतो, मग हात थरथरतात. घाम नव्हता, पण मी तो दर पाच मिनिटांनी बघत राहिले.

पावणेनऊला बेल वाजली.

बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. एका हातात हेल्मेट, खांद्याला पेटी. "फास्टिंग ना आजी?" म्हणत तो बसला, रबरी पट्टा बांधला, "मूठ वळा" म्हणाला आणि एका टोचणीत शीर धरली. राखाडी झाकणाची नळी भरली, ती साखरेसाठीची, मग दुसरी. हात फार चांगला होता त्याचा. तरी मी दोन तास जुळवलेलं वाक्य बोललेच, "पावणेदोन तास उशीर झालाय तुम्हाला."

"ट्रॅफिक होतं मॅडम."

रविवारी, सकाळी सातला. मी पुढे काही बोलणार तेवढ्यात आई, कापूस दाबून हात दुमडलेला, शांतपणे म्हणाली, "ट्रॅफिकचं राहू दे बाळा. माझ्यामुळे तुमचा खोळंबा झाला, एवढं म्हण. मग संपलं."

तो नळीवर नाव लिहायचा थांबला. आईकडे बघितलं. "हो आजी," म्हणाला, "खोळंबा झाला तुमचा."

'माझ्यामुळे' हा शब्द त्याने वगळला होता. आईच्या ते लक्षात आलं, माझ्याही. तिने सोडून दिलं.

त्यानंतर कितीतरी दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात आहे. आपण मराठीत म्हणतो, 'मला उशीर झाला'. 'मला ताप आला', 'मला ठेच लागली' म्हणतो तसंच. म्हणजे उशीर ही माझ्यावर येऊन पडलेली गोष्ट, आणि ती सोसणाराही मीच. 'केला' हे क्रियापद आपण समोरच्यासाठी राखून ठेवतो: किती उशीर केलास! 'मी उशीर केला' असं स्वतःहून म्हणणारा माणूस मला तरी क्वचितच भेटला. खोळंबा मात्र नेहमी कोणाचातरी असतो. 'तुमचा खोळंबा झाला' म्हटलं की वाट बघत बसलेला माणूस त्या वाक्यात येऊन बसतो, आणि 'माझ्यामुळे' म्हटलं की ज्याची वाट बघितली तोही. माफी, दिलगिरी, क्षमा हे शब्द त्यामानाने मोठे आणि औपचारिक आहेत. आई ते कधी वापरत नाही. तिचे दोनच शब्द, 'चुकलं' आणि 'खोळंबा'.

ते तिच्या धंद्यातून आलेत. आई ब्लाऊज शिवायची. ऐंशीच्या दशकात डोंबिवली पूर्वेला आमच्या दोन खोल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन. संध्याकाळच्या गाड्यांनी उतरलेल्या बायका स्टेशनवरून भाजी घेऊन थेट आमच्याकडे यायच्या. कापड, अस्तर आणि मापाचा ब्लाऊज टाकायच्या. आई वहीत उंची, छाती, मुंढा, पुढचा गळा, मागचा गळा लिहून घ्यायची आणि चिठ्ठीवर तारीख टाकून ती कापडाला टाचणीने लावायची. शिवणकाम करणाऱ्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं, 'झालाय, फक्त हुकं राहिलीत'. कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नसते तेव्हाही हुकंच राहिलेली असतात. आईला या उत्तराची चीड होती. हुकं राहिलीत म्हटलं की बाई उद्या परत येते, उद्या परत परवा. ऑफिस करून, गाडीत उभी राहून आलेली बाई तीन चकरा मारते, आणि ते तिचे तीन तास कोणाच्याच हिशोबात धरलेले नसतात.

एका मे महिन्यात भावाला कावीळ झाली. लग्नसराई, घरात ब्लाऊजांचा ढीग. एका बाईंचे चार ब्लाऊज होते, त्यांच्या दिराचं लग्न रविवारी. शुक्रवारी रात्री आईच्या लक्षात आलं की दोनच होणार. ती उठली, झालेले दोन घडी करून पिशवीत घातले आणि उरलेल्या दोन ब्लाऊजांचं न कापलेलं कापड, अस्तर आणि मापाचा ब्लाऊजही बरोबर घेतला. रात्री नऊला मला हाताशी धरून त्यांच्या घरी गेली. घर पाहुण्यांनी भरलेलं. दारातच उभी राहून म्हणाली, "माझ्यामुळे तुमचा खोळंबा झाला. हे दोन झालेत. हे दोन माझ्याच्याने होणार नाहीत. कापड कापलेलं नाही, दुसरीकडे टाकता येईल म्हणून आत्ताच घेऊन आले."

भावाच्या काविळीचं एक अक्षर तिने काढलं नाही. त्या बाई पाहुण्यांसमोर खूप बोलल्या. आईने सगळं ऐकून घेतलं. पुढे त्या आमच्याकडे कधीच आल्या नाहीत, त्यांच्या जावेनेही येणं बंद केलं. परत येताना मी रस्त्यात रडायला लागले, की तू खरं सांगितलंस तरी त्या ओरडल्या. आई म्हणाली, "ओरडू दे. त्यांच्या हातात अजून शनिवार आहे."

उशीर करणाऱ्याकडून माफीची अपेक्षा धरावी का, असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर हो असं आहे, आणि ते ठाम आहे. पण मला हवी असते ती अशी शुक्रवारची माफी, समोरच्याच्या हातात शनिवार असताना आलेली. त्या सकाळी सात वाजता 'आजी, मला अजून दीड तास लागेल' असा फोन आला असता, तर मी म्हटलं असतं की आज राहू द्या, आई खाऊन घेईल, उद्या या. पावणेनऊला येऊन त्याने दहा वेळा हात जोडले असते तरी तो निर्णय मला परत मिळणार नव्हता.

रेल्वेमार्गावर आयुष्य गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. 'प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' ही घोषणा इतक्यांदा कानावरून गेलीये की ती ऐकू येईनाशी झालीये. दिलगीर हा मुळात फार्सीतला केवढा सुंदर शब्द, मन घेरून टाकणारं दुःख सांगणारा. तो आता फलाटावरच्या पंख्याच्या आवाजासारखा झाला. उलट मेगाब्लॉक बघा, रुळांच्या कामासाठी आधी सांगून गाड्या थांबवतात-वळवतात तो. शनिवारी छापून येतं की उद्या माटुंगा ते मुलुंड सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५, अमुक गाड्या तमुक मार्गावर वळवल्या जातील. चार-पाच तासांची गैरसोय असते, तरी बारशाला जाणारी माणसं त्या हिशोबाने लवकर निघतात किंवा बसने जातात. कुरकुर होते, पण अपमान झाल्यासारखं वाटत नाही. भर पावसात दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी वीस मिनिटं काही न सांगता उभी राहते, तेव्हा मात्र डब्यातल्या सगळ्या बायकांचे चेहरे बदलतात. मूल पाळणाघरात आहे, पाळणाघर सातला बंद होतं, आणि कधी निघणार ते कोणी सांगत नाही.

जपानमध्ये १४ नोव्हेंबर २०१७ ला त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी मिनामी-नागारेयामा स्टेशनवरून ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांऐवजी ९.४४.२० ला सुटली. वीस सेकंद आधी. कंपनीने जाहीर माफी मागितली. आपल्याकडे ती बातमी गंमत म्हणून फिरली, मला त्यात गंमत वाटली नाही. वीस सेकंदांत धावत जिन्यावरून उतरणारा माणूस गाडी पकडतो किंवा चुकतो, हे डोंबिवलीकराला समजायला हरकत नाही. तिथे आणखी एक पद्धत आहे. गाडीला उशीर झाला की स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो, ऑफिसात किंवा शाळेत दाखवायला. मला तो कागद माफीपेक्षाही मोलाचा वाटतो, कारण उशीर आमचा होता, या माणसाचा नव्हता, हे रेल्वे तिसऱ्या माणसाला लिहून देते. माझ्या नोकरीच्या काळात मस्टरवर पडलेल्या लाल खुणांपैकी किती माझ्या होत्या आणि किती गाडीच्या, याचा असा दाखला कोणी दिला असता तर!

आपल्याकडे पैशाचा प्रयोग झाला. २०१९ च्या ऑक्टोबरात लखनौ-दिल्ली तेजस एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा तासाच्या वर उशीर झाला तर १०० रुपये आणि दोन तासांच्या वर २५० रुपये भरपाई ठरली होती. सरकारी दाखल्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. सबळ कारण नसताना ठरल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. दोन्ही गोष्टी मला मनापासून हव्या आहेत. पैसे मागता येतात, मुदत दाखवता येते, अपील करता येतं. गरीब माणसाला कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहावं लागत नाही. पण खिडकीमागच्या माणसाने मान वर करून 'तुम्हाला तीनदा यावं लागलं' म्हणावं, हे कोणत्याही कलमात बसत नाही. ते त्याचं त्यालाच वाटावं लागतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला जड जातंय.

बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं मी एका डॉक्टरांच्या काउंटरवर बसले. संध्याकाळी सहाची वेळ मी आठ-आठ जणांना द्यायचे, तसं सांगितलेलंच होतं. कारण डॉक्टर रिकामे बसता कामा नयेत. १९५२ साली नॉर्मन बेली नावाच्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने दवाखान्यातल्या रांगांचं गणित मांडलं होतं. सुरुवातीला दोघांना एकदम बोलवा, मग एका रुग्णाला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेकाला. डॉक्टरही खोळंबत नाही आणि रुग्णही फार ताटकळत नाहीत. हे मला पुष्कळ नंतर वाचायला मिळालं. आमच्या वहीत दोघांच्या जागी आठ होते. म्हणजे त्या हॉलमधला उशीर कुणावर येऊन पडलेला नव्हता. तो रोज सकाळी पेनाने मी वहीत लिहून ठेवत होते.

एक आजोबा यायचे, प्रोस्टेटचा त्रास असलेले. दर दहा मिनिटांनी काउंटरपाशी येऊन विचारायचे, "पोरी, माझ्या आधी किती?" मी वैतागून "येईल हो नंबर, बसा" म्हणायचे. एकदा त्यांच्या सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना लघवीला जायचं असतं, पण मधल्या वेळात नाव पुकारलं तर नंबर जाईल म्हणून ते उठत नाहीत. नंबर सांगितला असता तर ते जाऊन आले असते. मी त्यांना आकडा सांगायला हवा होता. तेवढंच त्यांनी मागितलं होतं, रोज. मी त्यांची माफी मागितली नाही. सुनेला "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर चालू नंबर लिहायला लागले. आजोबांना ते कधी कळलं की नाही, मला माहीत नाही.

त्या हॉलमध्ये दोन-दोन तास बसलेली माणसं आत गेल्यावर डॉक्टरांना काय म्हणायची? "नमस्कार डॉक्टर, तुम्ही फार बिझी असता." आणि बाहेर पडताना थँक्यू. तीच माणसं घरी जाऊन नळवाला अर्धा तास उशिरा आला म्हणून त्याला दारात झाडत असणार. मीही झाडलंय. पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर ग्राहक कायद्याच्या दृष्टीने सेवाच देतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केलं, पण मन ते मानत नाही. आपल्याकडे माफीची अपेक्षा उतारावरून वाहते. पेपरवाला, गॅसवाला, मोलकरीण, इस्त्रीवाला यांनी सॉरी म्हणायचं. सर्जन, वकील, सीए, बँकेतला साहेब यांनी वेळ दिली हेच उपकार. ज्याच्याकडे उशीर टाळण्याची साधनं जास्त, सहाय्यक आहेत, फोन करायला माणूस आहे, त्याच्याकडून आपण काहीच मागत नाही. आणि पाना घेऊन एकटा सायकलवर फिरणाऱ्याकडून सगळं मागतो. अपेक्षा धरायची तर ती दोघांकडून सारखीच धरायला हवी, आणि माप वाकडं करायचंच असेल तर ते वरच्या बाजूला जास्त कडक असावं.

पुन्हा त्या मुलाकडे येते. पट्टी लावून झाल्यावर आई त्याला म्हणाली, "माझ्यामुळे म्हणायला काय होतं रे?" त्याने खरं ते सांगितलं. "आजी, तसं म्हटलं की लोक रेटिंगमध्ये लिहितात, बॉय स्वतः कबूल करतो म्हणून. मग माझे पैसे कापतात." कबुली म्हणजे पुरावा, ही भीती मोठमोठ्या रुग्णालयांनाही असते. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ साली त्यासाठी कायद्यात लिहावं लागलं की नुसती माफी मागितली म्हणजे निष्काळजीपणा कबूल केला असं होत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने त्याच वर्षी माफीसाठी वेगळा कायदाच केला. तिथल्या सर्जनला माफी मागता यावी म्हणून विधिमंडळ बसलं. आमच्या दारात आलेल्या मुलामागे कोण होतं?

साडेसहा ते सात या एका वेळेत त्याला पाच घरं दिलेली होती. पाच. मला माझी सहा वाजताची वही आठवली. पहिल्या घराच्या टॉवरमध्ये पहारेकऱ्याने बाइक बाहेर लावायला लावली, कामाच्या माणसांसाठी वेगळी लिफ्ट, ती खाली यायला पंधरा मिनिटं. दुसऱ्या घरी बेल वाजवून वाजवून हात दुखला, माणसं झोपलेली, वीस मिनिटांनी दार उघडलं. "त्यांनी तुला सॉरी म्हटलं का?" मी विचारलं. तो हसला नुसता. बूट घालायला लागला.

आई तेव्हा गप्प होती. तिच्या ट्रंकेत अजून काही ब्लाऊज आहेत, शिवून तयार, हुकांसकट. 'उद्या नेते' म्हणून गेलेल्या बायकांचे. चिठ्ठ्यांची शाई फिकट झालीये. शिलाईचे पैसे तर गेलेच, पण एकीने तातडीचा म्हणून रात्री जागवून शिवून घेतलेला, आणि नंतर कधी फिरकलीच नाही. वेळेवर शिवलेल्या कपड्यापाशी किती वेळ बसायचं, याची तारीख कोणी टाचून दिली नव्हती.

नऊला आईने पोह्यांचा पहिला घास घेतला. तिथून दोन तास मोजायचे, अकराला पीपीचं, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या साखरेचं रक्त. तो जाताना म्हणाला होता, "अकराला येतो आजी." मी मान डोलावली, आणि मनात साडेअकरा धरले.

अकराला दहा कमी असताना कचऱ्याचा डबा आत घ्यायला म्हणून आईने दार उघडलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला होता, पेटी मांडीवर, हेल्मेट बाजूला. "अरे, कधी आलास?" "साडेदहाला. दोन तास भरले नव्हते ना, म्हणून थांबलो." "मग बेल का नाही वाजवलीस?" तो काहीच बोलला नाही.

आईने दार पूर्ण उघडलं. "माझ्यामुळे तुझा खोळंबा झाला की रे," ती म्हणाली. "ये, आत पंख्याखाली बस."